आडव्या सायकलीवरचं आवतण

आम्ही सांगलीचे. त्यामुळे समुद्रापारच्या या बेटावर उतरल्यावर विमानतळापासून लालमती गावापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस पाहून परदेशी आल्यासारखं मला वाटेचना. ते वाटलं यशवंतरावांच्या अंगणात. देवळातल्या मराठी वर्गाला शिकवायला मी आलो होतो आणि राहायची सोय त्यांच्याकडे होती. यजमान जमिनीवर उताणे, अंगावर एक विचित्र सांगाडा, हातात पाना.

"की मान्येर, गुरुजी?" (कसं काय?) ते खालूनच म्हणाले. "ही माजी बिसिक्लेत." (सायकल.)

उसाच्या गाडीवरून पडून त्यांची कंबर कायमची गेली होती. थोडं चालता येई, निजलं की बरं वाटे. बसणं मात्र जमत नसे. आणि मुलीचं लग्न ठरलेलं. पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यांवर आलेल्या इथल्या मराठी घरांत लग्नाचं आवतण म्हणजे हळदीचे तांदूळ आणि सुपारी. ते बापाने स्वतः न्यायचं, पहिलं थोरल्या बहिणीला. ही बहीण, त्यांची बाय, राहायची वर, चढावरच्या कार्तिए मिलितेर गावी. गुडघ्यांमुळे तिला खाली येववत नसे. अपघातानंतर भावंडांची भेटच नव्हती.

"मोटारीतून नेऊ की," मी म्हणालो.

"मोटारीत निजवून नेतील. बाय तसं बघंल तर रडंल. मला माज्या पायानं जायाचं हाय."

म्हणून ही आडवी सायकल. दोन जुन्या सायकलींच्या नळ्या जोडलेल्या, पोत्याचं आसन, पेडल पुढे. हँडल नाहीच, आसनाखालून पुढच्या चाकाकडे दोन दोऱ्या गेलेल्या. मी ऐटीत आडवा झालो, डावी दोरी ओढली आणि थेट उजवीकडच्या उसात शिरलो. त्यांच्या पत्नी मंजुळावहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. यशवंतरावांनी पुढच्या चाकाकडे डोकं करून, उताणं पडून दोऱ्या बांधल्या होत्या. त्यात डाव्याउजव्याची अदलाबदल झाली होती.

"सोडून नीट बांधू का?"

"नको. हाताला आता हीच सवय झाली."

रविवारी सकाळी निघालो. पोटाशी तांदळाची पुरचुंडी बांधून ते निजलेले, मागे साध्या सायकलीवर मी. वाटेत गातो पिमां (डाळीचे तिखट वडे) विकणाऱ्या बाईने आम्हाला थांबवलं, सायकल निरखली आणि दोन वडे त्यांच्या हातात ठेवले. "दूसमां," ती म्हणाली. (हळू.) ते निजल्या निजल्याच खात पुढे निघाले.

शेवटच्या चढाला त्यांच्या पायांतलं बळ संपलं. ओठ घट्ट मिटून ते आभाळाकडे पाहत राहिले. मला पाहवेना.

"ढकलू का?"

त्यांनी वरच्या वळणाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "वळणापातूर. तिथनं बायचं दार दिसतं."

वळणावर मी हात काढला. पुढचं ते एकटेच गेले.

बाय तबक घेऊन दारात आली. दारी आलेल्या भावाला पाटावर बसवून ओवाळायचं, पण हा भाऊ बसणार कसा? तिने पाट बाजूला सारला, चौकटीला धरून ते दुखरे गुडघे टेकले आणि रस्त्यावरच, निजलेल्या भावाला ओवाळलं. "तूच आणलंस?" तिने विचारलं. "मीच," ते म्हणाले. दोघं हसत होती. रडलो तो मी.

सांगलीला परतल्यापासून लोक मला समुद्राचं विचारतात. समुद्र सुंदरच आहे. पण मला आठवतो तो निघतानाचा क्षण. बायने मला स्वयंपाकघरात बोलावून हातावर लाडू ठेवला आणि हळूच म्हणाली, "मागल्या खिडकीतनं सगळा चढ दिसतो, गुरुजी. त्याला सांगू नका."