मावसाजींची पाच वाजताची उजळणी

माणसाला नवीन काही शिकवता येतं, यावर माझ्या मावससासऱ्यांचा, म्हणजे मावसाजींचा, कधीच विश्वास बसला नाही. त्यांच्या मते जे शिकायचं ते प्रत्येकजण एकदा शिकलेला असतो आणि मग कुठेतरी ठेवून विसरतो. बाकीच्यांनी फक्त उजळणी घ्यायची. रेल्वेच्या माल कचेरीतून निवृत्त झाल्यावर सक्करदऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर ते रोज संध्याकाळी पाचला इंग्रजीची उजळणी घेऊ लागले. पैसे घेत नसत आणि सुटीही देत नसत. येणारे सगळे मोठ्या वयाचे, शाळेत इंग्रजीवर अडकलेले. शब्द ठरलेले, वीसेक असतील: नाउन, व्हर्ब, सेंटेन्स, पॅराग्राफ, टायटल, ऑथर, असे. मी विमा कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. एवढ्या भांडवलावर इतकी वर्षं चालणारा दुसरा धंदा मी पाहिलेला नाही. एकदा एका शिंप्याने मोठ्या हौसेने ॲडव्हर्ब म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा मावसाजी म्हणाले, "नव्या पाहुण्याले जागा कुठं हाय गा? पहिलेचे तरी नीट बसले का?" शिंप्याला त्या दिवशी नाउन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

उजळणीची जागा ओटा आणि वेळ पाचची असली तरी तिला स्थळकाळाचं बंधन नव्हतं. सावनेरच्या एका लग्नात वधूपित्याने आदराने मंगलाष्टकांची छापील पत्रिका हातात दिली, तर मावसाजींनी त्यांनाच विचारलं की याचं टायटल कोणतं आणि ऑथर कोण. वरात दारात आलेली, बँडवाले थांबलेले, आणि तो भला माणूस घाम पुसत पत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव शोधत होता. घरीही तेच. मावशी एकदा बोलायला लागल्या की थांबत नसत. "तुह्या बोलण्यात पॅराग्राफच पडत नाही वं," असं ते म्हणत. मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "अन् तुमच्यात व्हर्ब कुठं हाय? दिवसभर नुसते बसून राहिले."

पण त्यांची खरी पद्धत वेगळीच होती. उत्तर त्यांच्याकडे तोंड करून द्यायचं नाही. विद्यार्थ्याने ओट्याच्या कडेला उभं राहायचं, मावसाजींकडे पाठ करायची आणि रस्त्याकडे तोंड करून बोलायचं. समोर पानठेला होता. ठेलेवाल्याने कात लावता लावता हात वर केला म्हणजे उत्तर पोचलं, नाही केला तर पुन्हा. उत्तर बरोबर की चूक हे मावसाजी नंतर बघत. इंग्रजी माणसाला येत असतं, फक्त तोंडातून बाहेर पडायला भितं, आणि एकदा रस्ता ओलांडून गेलं की त्याची भीती मोडते, असा त्यांचा सिद्धांत होता. गल्लीत ज्यांना इंग्रजीची काहीच गरज नव्हती, त्यांनाही सेंटेन्सची व्याख्या पाठ झाली होती.

या ओट्यावर मी माझ्या धाकट्या बहिणीला, कमलला, नेऊन उभं केलं. नवरा गेल्यावर ती लहान मुलीला घेऊन आमच्याकडे आली होती. मॅट्रिक झालेली होती, पण सासरी कित्येक वर्षं मान हलवूनच उत्तरं देण्याची सवय लागलेली. मुलींच्या एका शाळेत जागा निघाली होती. पाचवीच्या मुलींना पहिलंवहिलं इंग्रजी शिकवायचं होतं, आणि मुलाखतीत त्याचंच विचारणार होते. माझ्या एका पगारात आणखी दोन माणसं बसवावी लागत होती, त्याची मला काळजी नव्हती असं नाही; पण त्याहून मोठी काळजी ही, की कमल अशी बसून बसून घरातल्या एखाद्या वस्तूसारखी होऊन जाईल. पहिल्या आठवड्यात तिचा आवाज ओट्याच्या पायरीपर्यंतही गेला नाही. ठेलेवाला कान पुढे करून थकला. मावसाजी रागावले नाहीत. "उद्या," एवढंच म्हणायचे. महिनाभराने एका संध्याकाळी ठेलेवाल्याचा हात पहिल्यांदा वर गेला.

मुलाखतीच्या दिवशी मावसाजी सोबत आले आणि वाटेत त्यांनी एकही शब्द विचारला नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरलो. शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती, पण तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं. आत काय झालं ते कमलने नंतर सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी सेंटेन्स म्हणजे काय ते विचारलं आणि हिचं उत्तर टेबलापलीकडे पोचलंच नाही. बाई म्हणाल्या, जरा मोठ्याने. मग पुन्हा म्हणाल्या. तेव्हा कमल उठली, कोणाला न विचारता खिडकीशी गेली, मुलाखत घेणाऱ्यांकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघून सेंटेन्सची व्याख्या सांगितली.

ती व्याख्या खाली आमच्यापर्यंत अक्षर न् अक्षर आली. माझा हात आपोआप वर गेला. टपरीवाल्याने लगेच विचारलं, "आनखी एक चहा, साहेब?" कमलने तो हात पाहिला आणि मग ती थांबेचना. नाउन झालं, व्हर्ब झालं, पॅराग्राफ झाला. कोणी विचारलेलं नव्हतं. मावसाजी आजवर नेहमी विद्यार्थ्याच्या पाठीमागे बसलेले, समोरून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते बशी हातात धरून तसेच बसून राहिले. शेवटी म्हणाले, "पोरगी सुटली, जवाईबापू." चहा निवून गेला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला.

बाई हसल्या म्हणे. पाचवीच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईल एवढी तरी खात्री पटली, असं म्हणाल्या आणि जागा कमलला दिली. घरी आल्यावर माझ्या बायकोने शिरा केला. छातीवरचं ओझं उतरतं असं लोक म्हणतात. माझं पाठीवरून उतरलं असावं, कारण बऱ्याच महिन्यांनी मी ताठ बसून जेवलो.

पुढे मावसाजी मुलाकडे प्रताप नगरला राहायला गेले आणि ओटा बंद झाला. एका रविवारी मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कमलच्या वर्गाचं विचारलं. मी सांगितलं की वर्ग छान चालला आहे, फक्त एक मुलगी तोंडच उघडत नाही. त्यांनी विचारलं, "खिडकीत उभी करते का तिले?" मी म्हटलं, नाही, कमल मधल्या सुटीत तिच्या शेजारी जाऊन बसते, दोघी डबा खातात, आणि कमल काही विचारत नाही.

मावसाजी म्हणाले, "बराबर करून राहिली. मले हे कधी सुचलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "बोलली का मंग ते पोरगी?"

मी म्हटलं, "अजून नाही."

"बोलन," ते म्हणाले.