तोंडावरची आग

"हा कर."

मला आधी कळलंच नाही. सुपरवायझर गेटवर माझ्यासमोर उभा होता. मागे बायकांची रांग. सकाळची शिफ्ट, ऊन नुकतं चढत होतं.

"तोंड उघड. हा कर. जोरात."

मी केलं. का केलं, मला आजही सांगता येत नाही. त्यानं नाक पुढं आणलं, लगेच मागं घेतलं आणि वॉचमनकडे बघून म्हणाला, "दारूचा वास दाबलाय हिनं कायतरी खाऊन. तोंडच बघ ना. लालबुंद. बेवडी."

रांगेत कुणीतरी हसलं. माझे गाल आधीच तापलेले होते, आता त्यात सुया टोचायला लागल्या. लाजेनं तोंड तापतं, तापलं की आणखी गडद होतं, आणि गडद झालं की त्याचं म्हणणं खरं ठरतं. मी तिथं उभी राहून स्वतःच्याच तोंडानं खोटी पडत होते.

"तुमच्यात बाया पण घेतात," तो म्हणाला. "घरी जा. उतरली की ये."

मी कातकरी. पडघ्याच्या पुढं, हायवेपासून आत आमची वाडी. आई-बापाचा जन्म वीटभट्टीवर गेला. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले म्हणून मला भट्टीऐवजी गोडाऊन मिळालं. वाडीत त्याला मोठं काम समजतात. दारूचा थेंब मी कधी जिभेला लावलेला नाही. पण हे मी कुणाला सांगायचं? आमच्या जातीचं नाव घेतलं की समोरच्याला आधी बाटली दिसते. मग बाई दिसली तर दिसते.

तोंडाचं दुखणं जुनं होतं. आधी दुपारी गाल गरम व्हायचे, नाकाचा शेंडा ठणकायचा. मग ते उतरेनासं झालं. बारीक फोड आले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. माझा रंग काळा. त्यावर लाली दिसत नाही, जांभळट तांबूस चट्टा दिसतो, तव्यावर राहून गेलेल्या भाकरीसारखा. गोडाऊनला वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यात आत उभं राहिलं की डोक्यावरून चूल पेटवल्यासारखं वाटतं. पंखा होता, ऑफिसच्या केबिनमध्ये.

आणि आम्ही पॅक काय करायचो? तोंडाला लावायच्या क्रीम. प्रत्येक खोक्यावर एक गोरी बाई हसत असायची. दिवसभर तिला टेप मारायची. एकदा मुंबईहून मोठे लोक माल बघायला येणार होते, तेव्हा सुपरवायझरनं मला बोट दाखवून मागच्या रॅककडे पाठवलं. पुढं साफ तोंडाच्या पोरी उभ्या केल्या.

मागं पाठवलं त्या दिवशी संध्याकाळी मी पडघ्याच्या बाजारात मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं एक ट्यूब दिली. डाग जातात, उजळपणा येतो, म्हणाला. पहिले काही दिवस खरंच तोंड निवलं. मी आरशात बघायला लागले. मग एक दिवस ट्यूब संपली, आणि तोंड असं पेटलं की पाणी मारलं तरी झोंबायचं. पुन्हा लावली की शांत. सोडली की आग. वर्षभर मी त्या ट्यूबची गुलाम होते. कातडी इतकी पातळ झाली की गालावर बारीक लाल शिरा उमटल्या.

त्याच तोंडानं मी गेटवर उभी होते.

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. नवरा ट्रकवर हमाली करतो, त्याला हायवेवर कुणी सांगितलं असणार. मी चुलीपाशी बसले होते. तो जवळ आला, वाकला, त्यानं माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. मला वाटलं, माझा माणूस. मला धीर द्यायला आलाय. मी डोळे मिटले.

तो वास घेत होता.

मला कळलं तेव्हा तो मागं सरकला होता. म्हणाला, "लोकं बोलतात, म्हणून बघितला."

मी उठले, न्हाणीत गेले, विटेचा तुकडा घेतला आणि तोंड घासलं. रडत नव्हते. नुसती घासत होते. हे तोंड निघून जावं, खाली दुसरं कुठलं तरी निघावं, एवढंच डोक्यात. रक्त आलं तेव्हा सगुणानं हात धरला. सगुणा शेजारची, माझ्याच गोडाऊनला कामाला. ती ओरडली नाही. तिनं विटकर लांब फेकली आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाव. मी येतंय."

शहरातल्या दवाखान्यात कातडीच्या डॉक्टर बाई होत्या. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी विचारलंच, "दारू घेता का?" मी नाही म्हटलं आणि वाट बघत बसले, आता ह्या हसतील. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. चहा किती गरम पिता. काम उन्हात का. तोंडाला काय लावता.

त्यांनी मानलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, आणि वाकता वाकता मला स्वतःचाच संताप आला. माझं एक साधं 'नाही' कुणीतरी खरं मानलं, तर मी पाया पडते? इतकी मला सवय लागली होती खोटी ठरायची?

मी सरळ उभी राहिले. मग खुर्चीवर बसले. मग नीट ऐकलं.

रोझेशिया, त्या म्हणाल्या, तोंडाच्या कातडीचा आजार. काळ्या कातडीवर ओळखू येत नाही, म्हणून डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. पिणाऱ्यांना होतं, कधीच न पिणाऱ्यांनाही होतं. "आपलं शरीर आत ठिणग्या तयार करतं आणि विझवतंही. ऊन, उष्णता, सूज यांनी ठिणग्या वाढतात. तुमच्या कातडीत विझवणारं कमी पडतंय. लोखंडाला गंज खातो तसं आतून खाल्लं जातं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात." ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं जे वाचवायचं तेच पातळ केलं. आता त्याशिवाय राहायचं, औषध घ्यायचं, ऊन आणि उकाडा टाळायचा.

"उकाडा कसा टाळू बाई?" मी विचारलं. "पत्रा शेठचा हाय."

त्यांनी खोटा धीर दिला नाही. कामावर दाखवायला आजाराचं नाव लिहून दिलं.

मी ते घेऊन गेटवर गेले. सुपरवायझरनं वाचलं, घडी घालून परत दिलं. बरं बोलला. म्हणाला, आजार असेल तर असू दे, कामावर ये, आम्ही काय राक्षस नाही. मात्र आता नियम झालाय. वाडीवरच्या बायांनी रोज गेटवर हा करून आत जायचं.

"फक्त वाडीवरच्या?" मी विचारलं.

"बाकीच्यांची कम्प्लेंट नाही."

मागं रांग होती. सगुणा होती. ड्रायव्हर लोक गुटख्यानं तोंड भरून बाजूनं आत जात होते, त्यांना कुणी थांबवत नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख दिसलं. मी इतके दिवस एकच गोष्ट सिद्ध करायला धावत होते, की मी पीत नाही. नवऱ्याला, याला, डॉक्टरला. आणि पीत असते तर? तर याला माझ्या तोंडात नाक घालायचा हक्क मिळाला असता?

"मी हा करणार न्हाय," मी म्हणाले.

"मग चालती हो."

"तुम्ही आधी सगळ्यांची तोंडं हुंगा. शेठचं पण. मग आमच्याकडं या."

त्यानं मला दंडाला धरून बाजूला केलं. सगुणा पुढं आली. तिची दोन लेकरं, नवरा अंथरुणाला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तोंड उघडलं, हा केला, आत गेली. मी तिला दोष देत नाही. पण तिची ती वाकलेली मान बघून माझ्या आत जे पेटलं ते कुठल्याच औषधानं विझायचं नाही.

मी तिथूनच पोलीस ठाण्यात गेले. तिथं बसवून ठेवलं, हसले, उद्या ये म्हणाले. उद्या गेले. नंतर कामगार ऑफिसात गेले. साहेब म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. शेठचा माणूस वाडीवर येऊन नवऱ्याला समजावून गेला. नवरा म्हणाला, सोड. मी म्हणाले, तू ज्या दिवशी वाकून माझा वास घेतलास त्या दिवशी मी बरंच सोडलं. आता सोडायला काही उरलं नाही. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

काम गेलं. दुसऱ्या गोडाऊनांत माझं नाव पोचलंय. तोंड अजून पेटतं, रात्री ओला फडका ठेवून झोपते. मागच्या खेपेला डॉक्टर बाईंनी साफ सांगितलं, हा आजार मुळातून जात नाही. दबतो, पुन्हा उठतो. जन्मभर सांभाळायचा.

ठीक आहे. मग कामगार ऑफिसातल्या साहेबांनाही मी तेच सांगून आले. मी दबेन, पुन्हा उठेन. पण जाणार न्हाय.