मी न पाहिलेला व्हिडिओ गेम

नागपुरात छपरांवर टीव्हीचे अँटेना दिसू लागले त्या दिवसांत मी एका लहान दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या यंत्रांवर सदर लिहीत होतो. म्हणजे बर्डीच्या बाजारातल्या रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी मासिकं आणायची, एखादा लेख मराठीत उतरवायचा आणि वर आपलं शहाणपण शिंपडायचं. बिनतारी टेलिफोन, मनगटावरचा कॅल्क्युलेटर, पाच मिनिटांत भात शिजवणारी पेटी, सगळ्यांवर मी बेधडक मतं ठोकत असे. यातलं एकही यंत्र मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझ्या घरी एक रेडिओ होता, तोही थाप मारल्याशिवाय बोलत नसे. मासिकं वर्षभर शिळी असायची, पण वाचकांना ती ताजी खबर वाटे. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं होतं.

सदराला जागा अर्ध्या कॉलमाची. खिळे जुळवणारा आमचा कंपोझिटर जागा संपली की कुणाला न विचारता खालच्या ओळी उडवायचा. माझे शेवटचे विनोद दोन-तीनदा उडाल्यावर मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. त्याच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही, तेव्हा मीच तोडगा काढला. शेवटच्या ओळी उडणारच, म्हणून इंग्रजी लेखाचा शेवटचा परिच्छेद मी वाचायचाच सोडून दिला. तिथे कंपनीचा पत्ता नि किंमत असलं काहीतरी असतं, त्याच्याशी नागपूरकरांना काय करायचंय, असं मी स्वतःला पटवलं होतं.

व्हिडिओ गेमवरचा लेखही मी असाच लिहिला. टीव्हीला जोडायची एक पेटी, तिला एक दांडी, दांडी हलवली की पडद्यावरचा ठिपका हलतो. मी लिहिलं, हे खूळ वर्षभरात ओसरेल, शहाणी माणसं एका ठिपक्यामागे किती दिवस धावणार. पुढे असंही लिहिलं की पेटी कुठल्याही टीव्हीला चालते आणि लावायला पंख्याइतकी सोपी आहे. पहिलं मत किती फसलं ते आज शेंबडं पोरही सांगेल, आणि त्याची मला लाज वाटत नाही. दुसऱ्या वाक्याची वाटते.

लेख छापून आल्यानंतरच्या शनिवारी दुपारी एक गृहस्थ कचेरीत आले. पन्नाशीचे, धुतलेला पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते कारकून होते. त्यांची धाकटी बहीण अमेरिकेत नर्स होती आणि तिनं भाचीसाठी, म्हणजे यांच्या मुलीसाठी, तीच पेटी पाठवली होती. पेटी आठ दिवसांपासून घरात तशीच पडली होती, कारण लावायची कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा लेख वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

मला प्रुफं तपासायची होती आणि कुणी समोर उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये लावायची का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी मान वर न करताच म्हणालो, "लावा हो, पंखा लावता तशी." उद्या अकरा वाजता घरी या, असं आमंत्रण त्यांनी दिलं. येतो येतो म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. जायचं माझ्या मनातही नव्हतं.

रविवारी सकाळी नंदनवनातल्या माझ्या खोलीत मी पुढच्या सदरासाठी तेच मासिक चाळत बसलो होतो. व्हिडिओ गेमचं पान उलटताना नजर तळाशी गेली. शेवटच्या परिच्छेदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही पेटी फक्त एकशे दहा व्होल्टच्या विजेसाठी आहे, त्याहून जास्त दाबावर लावली तर ती जळेल आणि हात लावणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो. आपल्या भिंतीतली वीज त्याच्या दुप्पट. मी ते तीनदा वाचलं. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पान टराटरा फाडून खिशात घातलं आणि सायकल काढली. गृहस्थांचं नावही मी धड ऐकलं नव्हतं, मग पत्ता कुठला माहीत असणार. वाडी, गोदामांच्या मागे भाड्याच्या खोल्या, एवढंच कानावर पडलं होतं. नंदनवन शहराच्या एका टोकाला तर वाडी दुसऱ्या टोकाला. मेडिकल चौकात मी एका टांग्याला धडकता धडकता वाचलो. लॉ कॉलेजच्या चौकात चेन उतरली. ती चढवताना बोटं दोनदा चक्राच्या दात्यांत आली. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मी कधी न पाहिलेली एक मुलगी प्लग हातात धरून उभी आहे. तिचे वडील तिला सांगताहेत, लाव, सरांनी सांगितलंय. मला स्वतःची चीड येत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

वाडीला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ट्रकांच्या रांगा, मालाची चढउतार, धूळ. कारकुनाचं घर कुणाला विचारावं तर इथे कारकून पन्नास. एका चौकीदारानं मला आधी पाणी पाजलं, टीव्हीच्या पेटीची हकीकत ऐकली आणि मग डोक्यावर हात मारून म्हणाला, "टीव्हीवाल्याचं घर म्हना ना. पाइप पाहा अन् जा." पत्र्यांच्या छपरांवर खरोखरच एकच उंच लोखंडी पाइप दिसत होता आणि त्याच्या टोकाला अँटेना. सायकल तिथेच टाकून मी पळत सुटलो.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्त्या जळत होत्या, वंदना नुकतीच आटोपली असावी. टीव्हीवर ती काळी पेटी ठेवलेली होती आणि तिच्यापाशी सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी होती. प्लग तिच्या हातात होता.

"लावू नको," मी दारातूनच ओरडलो.

सगळी खोली माझ्याकडे वळली. गृहस्थांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "या सर, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. पोरगी म्हने, ज्यायनं लिहिलं त्यायच्याच हातानं लावाचं." मुलीनं प्लग माझ्यापुढे केला. वीस मिनिटं ती तशीच थांबली होती. मी येणार नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

मी प्लग घेतला, टीव्हीमागे टाकला आणि धापा टाकत सांगितलं की ही पेटी आपल्याकडच्या विजेवर जळेल. खोलीत चुळबुळ झाली. गृहस्थ गोंधळले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "पन सर, कालच तर तुम्ही सांगितलं, पंखा लावता तशी लावा."

कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडली जळली का गा?"

त्या माणसानं मला सुटायची वाट दाखवली होती. हो म्हटलं असतं की मी स्वतःची पेटी जाळून लोकांना सावध करायला धावत आलेला भला माणूस ठरलो असतो. होकार माझ्या जिभेवर आलाही होता. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत जराही शंका नव्हती आणि तेच मला सोसेना.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "मी ही पेटी आज पहिल्यांदाच पाहतोय."

गृहस्थांनी खाली पाहिलं आणि पेटीवरची धूळ रुमालानं पुसत राहिले. मुलीच्या आईनं मला चहा दिला. तो नको म्हणण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. मुलगी आत गेली आणि एक जाड वही घेऊन आली. वहीत माझी सगळी सदरं कापून, खळ लावून चिकटवलेली होती, दर रविवारचं एक पान. ती पॉलिटेक्निकचा फॉर्म भरणार होती, हे तिचे वडील मागून सांगत होते. तिनं वही माझ्यापुढे उघडली.

"मंग यातलं कोनतं पाह्यलं तुम्ही?"

मी पानं उलटत गेलो. माझीच वाक्यं होती, ठाम, मिस्कील, आणि काही ओळींखाली तिनं पट्टीनं रेघा ओढल्या होत्या. शेवटच्या पानापर्यंत गेलो आणि मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं.

मग मी खिशातलं फाटलेलं पान काढून तिला दिलं. तळाचा परिच्छेद तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. दोन शब्द मला विचारले. मग पेन घेतलं आणि माझ्या व्हिडिओ गेमच्या कात्रणाखाली तो परिच्छेद मराठीत लिहून काढला. मला चार ओळी पुरल्या नसत्या, तिनं तीन ओळींत नेमकं लिहिलं.

एवढं झाल्यावर तिनं मागचं पान उलटलं, बिनतारी टेलिफोनचं. "याच्या शेवटी काय होतं सर?"

ते मासिक मी कधीच रद्दीत विकलं होतं. त्याच्या आधीचंही. त्याच्या आधीचंही. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. तिनं आणखी मागचं पान विचारलं, मी तेच म्हणालो. आठ-दहा पानांनंतर तिनं विचारणं थांबवलं. पट्टी घेऊन प्रत्येक कात्रणाखाली तीन रेघा आखल्या आणि त्या कोऱ्या सोडल्या.

"सापडलं की येऊन सांगजा सर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी नक्की येतो म्हणालो. नंतर पुष्कळ वर्षं नागपुरात होतो, पण वाडीला पुन्हा गेलो नाही.