दोन मिनिटं ऐकल्याशिवाय सही नाही

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक लाल क्रेट आहे. नापास झालेला माल त्यात टाकायचा आणि महिनाअखेरीला भंगारात द्यायचा, असा नियम. पण तो क्रेट कधी रिकामा झालेला मी पाहिला नाही, राव. इथल्या किस्स्यांचंही तसंच होतं. रोज काही ना काही पडत राहतं आणि उचलून न्यायला कोणी येत नाही. मी बिरादार, मूळचा उदगीरकडचा. बायको-पोरं गावाकडं, मी चाकणला एका खोलीत. संध्याकाळी हे सगळं सांगायला समोर माणूस नसतो. आज तुम्ही सापडलात, तर बसा जरा.

आमची कंपनी जुने रेडिओ बनवते. हसू नका, खरंच. नवेकोरे जुने रेडिओ! वरून लाकडी दिसणारी पेटी, पिवळा दिवा, सरकता काटा, गोल बटण, आणि आत ब्लूटूथ. फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी ठेवायला लोक हौसेनं घेतात. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत रेडिओ नव्हता, तेसुद्धा म्हणतात की आजोबांची आठवण आली.

*

सुरुवातीला बटणाचा घोळ होता. फिरवलं तर फिरायचं, पण 'जुनं' वाटायचं नाही. आमचे मॅनेजर काळे साहेब, वय पस्तीस, वाकडला बाराव्या मजल्यावर एकटेच राहतात. बायकोची नोकरी बेंगळुरूला. त्यांनी कुठून तरी दापोडीच्या बबनकाका खुटवडांचा पत्ता काढला. काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चाललं आणि मग बंद पडलं. काकू गेल्या, मुलगी कॅनडात.

काका आले, डोळे मिटून बटण फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, हे फार उतावीळ आहे. आमच्या वेळी आत दोरा असायचा. बटण आधी फिरायचं, काटा मागून यायचा. जरा वाट बघावी लागायची."

मग आत घट्ट ग्रीस भरलं आणि बटण जमलं. साहेबांनी खूश होऊन विचारलं की पगार किती अपेक्षित आहे. काका म्हणाले, पगाराचं तुम्ही बघा, पण गेटपास रोजचा मिळेल ना? आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की घरी दिवसदिवस तोंड उघडायची वेळ येत नाही, इथं निदान कोणी विचारेल तरी, काका जेवलात का.

*

काकांचं काम ठरलं, तयार झालेला प्रत्येक सेट ऐकायचा आणि टॅगवर सही करायची. काका प्रत्येक सेट पूर्ण दोन मिनिटं ऐकायचे. पुढं मालाचा ढीग लागायचा आणि साहेब घड्याळ बघत उभे राहायचे. एकदा ते म्हणालेच, काका, अर्ध्या मिनिटात नाही का कळत?

"पहिलं मिनिट सगळेच सेट नीट वागतात, साहेब. माणसांसारखंच आहे. दोन मिनिटं ऐकल्याशिवाय सही नाही."

साहेबांनी दोन-तीनदा घाई करून पाहिली. काका पेन खिशाला लावून बसायचे, मग साहेबच जायचे.

*

आता मंदाताईंचं ऐका. पॅकिंगच्या सुपरवायझर, इथल्याच शेतकरी घरातल्या. आधी वीस वर्षं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होत्या, जिथं एक ओरखडा दिसला की अख्खा लॉट परत. आमच्याकडं 'अँटिक' नावाचं नवं मॉडेल आलं. त्याच्या कडा मुद्दाम घासलेल्या, वार्निश जागोजागी उडवलेलं. एका पेंटरनं आठवडाभर बसून ते डाग पाडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे सेट आरशासारखे चकचकीत. ताईंनी आपल्या बायकांना लावून पॉलिश मारून घेतलं होतं! साहेब कपाळाला हात लावून बसले. त्यांनी समजावलं की ताई, गिऱ्हाइकाला जुनंच पाहिजे आहे, त्याचेच तो जास्त पैसे देतो.

ताई म्हणाल्या, "मग आमच्या घरला येऊन घेऊन जावा की. आमच्यात समदंच जुनं हाय."

पेंटर पुन्हा आठवडाभर डाग पाडत बसला. ताई तिकडं पाठ करून जेवायच्या.

*

मग खरखर. दोन स्टेशनांच्या मधली. ब्लूटूथला कुठली आलीय खरखर, ती आम्ही वेगळी भरतो. आधी कॉम्प्युटरवर केलेली होती. काकांनी ती ऐकून सांगितलं की ही भजी तळल्याची चरचर आहे. दुसऱ्या दिवशी घरून आपला जुना सेट घेऊन आले, कँटीनच्या मागं मोकळ्यावर लावला आणि अस्सल खरखर रेकॉर्ड करून दिली. तीच सगळ्या सेटमध्ये गेली.

तीन महिन्यांनी चऱ्होलीच्या एका सोसायटीतून एका वयस्कर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, खरखरीत मागून एक बाई बोलते. आम्ही हेडफोन लावून ऐकलं. अगदी बारीक, पण स्पष्ट, मंदाताईंचा आवाज: "चला गं जेवायला, भाकरी गार व्हतीया."

साहेबांना घामच फुटला. इतके सेट बाहेर गेलेले! त्यांनी माफी मागितली आणि उद्याच सेट बदलून देतो म्हणाले. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं बाई काय म्हणाल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"बदलू नका हो. त्या कोण आहेत, एवढंच विचारायचं होतं. दोन वर्षांत ह्या घरात मला कोणी जेवायला हाक मारलेली नाही."

साहेबांनी फोन ठेवला आणि खरखर तशीच राहू द्या म्हणाले. मंदाताईंना सांगितलं तर त्या भडकल्याच. म्हणाल्या, आदी सांगायचं न्हाई व्हय, जरा मोठ्यानं हाक मारली असती.

*

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. जग रविवारी सुट्टी घेतं, आम्ही गुरुवारी. त्यामुळं बाहेर भेटायला कोणी रिकामं नसतं. एका गुरुवारी सकाळी मी कंपनीच्या गेटवर पोहोचलो, तर काका आधीच उभे. वॉचमन विचारतोय, काका, आज कसे काय? काका म्हणाले, मला वाटलं बुधवार आहे. मला बघून वॉचमननं विचारलं, तुम्ही? मी म्हटलं, मलाही बुधवारच वाटला.

दापोडीहून दोन बस बदलून आलेला माणूस आणि खोलीला कुलूप लावून आलेला मी, समोरच्या टपरीवर दुपारपर्यंत बसलो. तीन चहा झाले. वार कुणाचाच चुकला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

*

मग टेस्टिंगचं मशीन आलं. अकरा सेकंदांत एक सेट. काकांचं काँट्रॅक्ट संपत होतं, ते हेड ऑफिसनं पुढं वाढवलं नाही. साहेबांनी दोनदा लिहून पाहिलं, उत्तर तेच. निरोपाला शाल-नारळ झाला आणि आमच्याच कंपनीचा एक सेट भेट दिला. काकांनी सेट बाजूला ठेवला आणि विचारलं, "गेटपास ठेवू का माझ्याकडं? वापरणार नाही. नुसता ठेवतो."

साहेब म्हणाले, जमा करावा लागतो काका, नियम आहे. काकांनी गळ्यातून काढून दिला. मला फार वाईट वाटलं, पण मी टाळ्याच वाजवत होतो.

*

दीड महिन्यानं तक्रार रजिस्टरला एक नोंद आली. ग्राहक: बबन खुटवड, दापोडी. तक्रार: बटण ढिलं. आमच्याकडं पद्धत अशी की क्वालिटीचा माणूस घरी जातो, दुरुस्त करतो आणि ग्राहकाची सही घेतो. सही झाली की तक्रार बंद. मी गुरुवारी चार वाजता गेलो. टेबलावर दोन कप आधीच मांडलेले. बटण फिरवून पाहिलं तर एकदम घट्ट, आमच्याच ग्रीसचं. दोन तास गप्पा झाल्यावर मी फॉर्म पुढं केला.

"सही? अहो भाऊ, पहिलं मिनिट सगळेच नीट वागतात. अजून ऐकायला लागेल. पुढच्या गुरुवारी या."

मला जरा रागच आला. पण जिना उतरताना लक्षात आलं, अख्ख्या आठवड्यात मी एवढं बोललो नव्हतो. रजिस्टरला लिहिलं: निरीक्षण चालू.

असे पाच गुरुवार झाले. तक्रार सात दिवसांत बंद झाली नाही की हेड ऑफिसच्या यादीत लाल अक्षरांत येते. काळे साहेब तणतणत आले, एका बटणाला पाच आठवडे लागतात का म्हणाले, आणि माझ्या हातातून फॉर्म ओढून घेतला. म्हणाले, ह्या गुरुवारी मीच जाऊन सही आणतो, बघू काका कशी देत नाहीत.

शुक्रवारी सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. फॉर्म ठेवला. सहीची जागा कोरी.

मी विचारलं, "काय झालं साहेब?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमची वेळ चारचीच आहे ना? मला अकराची दिलीय."