डावा हात

लकवा मारल्यापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. धुळ्यात आमच्या गल्लीत मला सगळे मांडेवाली बाई म्हणून ओळखतात. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर फिरवत वाढवायची, पार कोपरापर्यंत आणायची आणि तापल्या खापरावर अलगद टाकायची, हे माझं आयुष्यभराचं काम. आणि देवाने नेमका डावा हात नेला. पाय परत आला, वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, हात मात्र खांद्याला नुसता लोंबत राहिला. एका हाताने मांडा होत नाही.

भेटायला आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं येत. खुर्चीत बसत, चहा पीत आणि सांगत, "ताई, सकारात्मक राहा. प्रभूची काहीतरी योजना असेल." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्याने मला हे हात दिले, त्याला आपली योजना माझा हात मोडल्याशिवाय पार पाडता येत नव्हती? हे मी एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्यासाठीच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. कप मात्र तसाच खाली ठेवून गेल्या, तो मी एका हाताने विसळला.

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या रविवारी ज्याने त्याने आपल्या कष्टाचं पहिलं फळ आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं असतं. कोणी ज्वारीची कणसं आणतं, कोणी भरताची वांगी, शिंपीकाम करणारा शिवलेला सदरा आणतो. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माझे मांडे दरवर्षी असत. यंदा आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी पेढ्यांचा पुडा आणून कपाटावर ठेवला. दुसऱ्याने केलेले पेढे माझं फळ म्हणून ठेवायचे! वर पाळकसाहेबांचा निरोप आला की मी उभं राहून साक्ष द्यावी, संकटातही आनंदी कसं राहावं याची. मी आनंदी नव्हते. खोटी साक्ष देऊ नये, हे त्यांनीच तर पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. मी चर्चला जाणारच नाही, असं ठरवून टाकलं.

त्याच दुपारी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. दोंडाईच्याहून आलेली, शेतकरी घरातली, कपाळभर कुंकू, हातात पुरणाचा डबा. त्यांच्याकडची मांडे करणारी ऐनवेळी तापाने पडली होती आणि तिनेच माझा पत्ता दिला होता.

"अक्का, पोरीना साखरपुडा शे सकाळे. मांडा करी दे."

मी लुगड्याच्या पदराखालचा डावा हात उजव्याने उचलून दाखवला. आता ही पण योजना सांगणार, म्हणून मी दात आवळले. तिने हाताकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि बांगड्या मागे सारल्या.

"मना डावा हात शे ना. तू तुना उजवा लाव. माले येत नही, तू सांग."

खापर मी रागाने मोरीमागे टाकलं होतं, ते तिनेच आणलं, धुतलं, चुलीवर पालथं घातलं. माझ्या डाव्या बाजूला खांद्याला खांदा लावून ती उभी राहिली. माझ्या उजव्या हातावरून कणीक तिच्या डाव्यावर, तिच्यावरून माझ्यावर. पहिला मांडा फाटला. दुसरा चुलीत पडला. मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले.

"मंग रडजो," ती म्हणाली. "आते कणीक वाळी ऱ्हायनी."

नंतरचा मांडा वाढत गेला, तिच्या कोपरापर्यंत, माझ्या कोपरापर्यंत, आणि खापरावर अख्खा पडला. मग टोपली भरेपर्यंत आम्ही एकामागून एक मांडे टाकत राहिलो. त्या दुपारी किती दिवसांनी माझ्या तोंडून प्रभूचं नाव निघालं, आणि त्यात तक्रार नव्हती. टोपली डोक्यावर घेऊन ती बसस्टँडकडे निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

रविवारी मी गेले. पेढे घरीच ठेवले. टेबलावर त्या दुपारचा एक मांडा ठेवला, काठाला जरा फाटलेला. पाळकसाहेबांनी साक्षीला बोलावलं, तेव्हा मी म्हणाले, "मी धीट नाही आणि माझा राग गेलेला नाही. पण हे फळ माझं आहे. अर्धं. अर्धं एका बाईचं आहे, तिला येशू ठाऊकही नसेल." एवढं सांगून मी खाली बसले.

हात अजून तसाच आहे. तो का गेला, हे मला कळलेलं नाही आणि जे कळल्याचं सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मला माझाच हात परत हवा होता. देवाने दुसरीचा पाठवला, आणि तो घेण्यासाठी मला माझं दुःख तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागलं. त्याबद्दल मी रोज त्याचे उपकार मानते, भांडत भांडत का होईना. खापर परत चुलीवर आहे. आता कोणी मला सकारात्मक राहा सांगायला आलं, की मी खुर्ची देत नाही. आधी हात धुऊन या, म्हणते, आणि माझ्या डाव्या बाजूला उभे राहा.