पिलूच्या पुडीवरचं नाव

श्रीधरपंत मोघ्यांना माणसांचा तिटकारा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. आदर वाटावा असा माणूस त्यांना चौसष्ट वर्षांत भेटला नव्हता, एवढंच. बुधवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. मुळ्या, साली, काड्या, बिया. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते चष्म्याच्या वरून असे बघायचे, की निम्मे लोक काय घ्यायला आलो तेच विसरायचे.

त्यांचा खरा राग होता दातांवर. कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या, वारज्याच्या शेतांत फ्लॅट उगवले, आणि त्या फ्लॅटांतली पंचविशीची पोरं दाढा भरून घ्यायला दवाखान्यात रांग लावू लागली. पगार बापाच्या दसपट आणि तोंडात एक धड दाढ नाही! टूथपेस्ट म्हणजे श्रीधरपंतांच्या मते गोड साबण. तो फासून थुंकायचं आणि वर हसून दाखवायचं. कर्म त्यांचं.

श्रीधरपंत स्वतः पिलूच्या काडीने दात घासत. पिलू हे कच्छकडच्या खाऱ्या, वाळवंटी जमिनीत वाढणारं झाड. त्याच्या मुळाची बोटाएवढी काडी घ्यायची, टोक चावून त्याचा कुंचला करायचा आणि घासायचं. मोमिनपुऱ्यातली जुनी गिऱ्हाइकं तिला मिसवाक म्हणत आणि न चुकता नेत. बाकीच्या पुण्याला ती ठाऊकच नव्हती, आणि पुण्याची लायकी काय ते यावरूनच कळतं असं श्रीधरपंत म्हणत.

भुजहून पार्सल आलं की त्यांचा एक ठरलेला प्रकार असे. प्रत्येक जुडीतली एक काडी ओढायची, चाकूने साल काढायची आणि चावायची. खरं पिलू मोहरीसारखं झणझणतं, जिभेच्या शेंड्याला चावतं. पुरवठादार मध्येच दुसऱ्या कुठल्या झुडपाची मुळं घुसडतात, ती नुसती लाकडासारखी लागतात. श्रीधरपंत चावायचे, थुंकायचे आणि एकच शब्द बोलायचे. "घे" किंवा "फेक". त्यावर अपील नाही. पेठेतले इतर दुकानदारही आपला माल त्यांच्याकडे चाखायला पाठवत. घरात, दारात, जातीत, कुठेही त्यांना दुसरा मान नव्हता. होता तो या जिभेचा.

माल उचलायला आणि फेकायला उत्तरेश्वर होता. बार्शीकडचा माणूस, बावीस वर्षं दुकानात. तंबाखू खायचा. श्रीधरपंत येईल त्या गिऱ्हाइकाला, त्याच्या देखत सांगायचे, "याला काही विचारू नका. तोंडात चामडं आहे. हळद आणि शाडू याला एकच." गिऱ्हाईक हसायचं. उत्तरेश्वर पुड्या बांधत राहायचा.

दोन हजार सहा सालच्या जूनमध्ये तनया आली. वारज्याची, कंपनीतली नोकरी सोडलेली. पिलूच्या काड्या छान पुडीत घालून आयटीवाल्यांना विकायच्या असं तिच्या डोक्यात होतं. श्रीधरपंतांनी तिला अर्धा तास उभं ठेवलं. आपण कुठलं मंजन वापरता, ते विचारलं आणि उत्तर ऐकून डोळे मिटून घेतले. पोरगी चिवट होती. ती म्हणाली, पुडीवर तुमचं नाव छापायचंय. श्रीधर मोघे यांनी चाखून निवडलेली काडी, असं.

"नावं छापायला मी काय नाटक कंपनी आहे?" असं ते म्हणाले खरे. पण ती गेल्यावर त्यांनी कागदावर ते वाक्य दोनदा लिहून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला होकार कळवला. चौसष्ट वर्षांत त्यांचं नाव कोणी मागितलं नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांना ताप आला होता, पंधरा दिवसांचा. ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला, वासही घेऊन गेला. आमटी आणि गरम पाणी एक झालं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, येईल हळूहळू म्हणाले. दुकानात त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एक सोपी वाट त्यांनी शोधून काढली. "घे" म्हणावं आणि माल खोटा निघावा, तर नाक कापलं जाणार. "फेक" म्हटलं तर कोणाची विचारायची छाती आहे? म्हणून गेले सात महिने ते पाचांतल्या चार जुड्या फेकायला सांगत होते, आणि पेठ म्हणत होती, मोघे आता फारच कडक झाले बुवा.

ठरलेल्या दिवशी भुजचं पार्सल आलं आणि तनया समोर येऊन बसली. तिला ते चाखणं बघायचं होतं. श्रीधरपंतांनी पहिली काडी सोलली, चावली. तोंडात सुतळी असल्यासारखं वाटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, थुंकले. फेक. दुसरी जुडी, फेक. तिसरी, फेक. मग कच्छमधल्या चोरांवर, त्यांच्याकडून डोळे झाकून माल घेणाऱ्या मुंबईवर, आणि नोकऱ्या सोडून काड्या विकायला निघालेल्या शिकल्यासवरल्या गाढवांवर त्यांचं दहा मिनिटं व्याख्यान झालं.

तनयाने खाली पडलेल्या जुडीतली एक काडी उचलली, सोलली आणि चावली. तिचे डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. तिने दुसऱ्या जुडीतली चावली. मग तिसऱ्या. तिला पिलूचं ओ की ठो कळत नव्हतं, पण मिरची चावली हे कळायला पदवी लागत नाही.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला काहीच लागत नाहीये का?"

श्रीधरपंतांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. हा माणूस मान खाली घालेल अशी त्यांची खात्री होती. त्याने घातली नाही.

"मालक, दिवाळीपासनं मला ठावं हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "तुम्ही फेकाय सांगितलेला माल म्या फेकला न्हाई. घेतलेला, फेकलेला समदाच मागच्या खोलीत नेऊन चाखतो, तंबाखू थुकून, चूळ भरून. चांगला ठेवतो, खोटा टाकतो. त्योच इकतोय आपण. न्हाईतर दुकानात ऱ्हायलं काय असतं?"

तक्रार कोणाची आली नव्हती. सात महिने बुधवार पेठ आणि मोमिनपुरा त्या तंबाखूच्या तोंडावर दात घासत होते. श्रीधरपंतांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त, तोही कोणावर काढावा ते कळेना.

तनयाने मधला मार्ग काढला. नाव काकांचं राहू दे, चाखायचं काम उत्तरेश्वर करतील, कोणाला काय कळणार आहे? पोरगी भली होती. उत्तरेश्वरनेही मान डोलावली.

"वर माझं नाव आणि आत याची जीभ?" श्रीधरपंत म्हणाले. "याला भेसळ म्हणतात, बाई. माझ्या दुकानातून ती जाणार नाही. याचं नाव घाला."

एवढं बोलायला त्यांना सगळा जन्म लागला होता. आता हा पाया पडेल, निदान डोळ्यांत पाणी तरी आणेल, असं त्यांना वाटलं.

उत्तरेश्वरने पसरलेल्या जुड्या गोळा केल्या. "माझं नगं," तो म्हणाला. "बावीस वर्सं तुम्ही समद्या पेठेला सांगितलंय ह्याच्या तोंडात चामडं हाय म्हून. माझ्या नावाची काडी कोण घील?"

तो जुड्या घेऊन मागच्या खोलीत गेला.

ऑगस्टमध्ये पुड्या आल्या, हिरव्या, झाडाचं चित्र छापलेल्या. खाली नावासाठी जागा ठेवलेली होती, ती तशीच कोरी राहिली.