भावजी कॉम्प्युटर निवडतात

अख्ख्या सोलापुरात कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडण्यात माझ्या चुलत दिरांचा हात धरणारा माणूस नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलेलं नाही, कारण ते त्यांना आधीपासून माहीत आहे. आयुष्यभर त्यांनी यंत्रमाग दुरुस्त केले. गुडघे कुरकुरायला लागले तसा पाना खाली ठेवला, मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले आणि वर्षभरात कॉम्प्युटरचे मिस्त्री होऊन उठले. आता शेजारात, नात्यात, वैरागच्या भावकीत कुणाच्याही लेकराला कॉम्प्युटर हवा असला की पैसे बापाचे आणि निवड भावजींची. तयार कॉम्प्युटर विकत घेणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत फार वाईट आहे. "आत काय घातलंय ते बघितलं न्हाय आन् घरात आणलं, ह्येला काय म्हनायचं, वहिनी?" असं ते मला विचारतात. आमच्या घरातला फ्रिज, मिक्सर आणि गिरणी मी तशीच आणलेली असल्यामुळे मी चहा टाकायला उठते.

निवडण्याची त्यांची रीत कुठल्याही पुस्तकात नाही. पॉवर सप्लाय म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा लोखंडी डबा. तो ते वजनावर घेतात. एका तळहातावर एक डबा, दुसऱ्यावर दुसरा, डोळे मिटलेले. नवी पेठेतल्या त्यांच्या ठरलेल्या दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि हा माणूस मधोमध तराजू होऊन उभा. "वजन न्हाय त्येला इमान न्हाय," असा निकाल देऊन हलका डबा परत करतात. रंगीत दिवे लागणारं काही पुढे आलं तर दुकानदारालाच विचारतात, "वरातीत न्यायाचंय व्हय?" गरमीची त्यांना फार धास्ती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माणूस शिजतो, मशीन काय टिकणार, म्हणून पंख्यांची परीक्षा ते सुताचा धागा धरून घेतात. धागा आत ओढला गेला पाहिजे आणि मागच्या बाजूला फडफडला पाहिजे. त्यासाठी खिशात कायम सुताची गुंडी असते. भावाची घासाघीस मात्र त्यांना कमीपणाची वाटते. दुकानदाराच्या घरात कानडी बोलतात, म्हणून त्यांनी एकच वाक्य शिकून ठेवलंय, "स्वल्प कमी माडरी." थोडं कमी करा, एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार खूश होऊन भाव उतरवतो आणि पुढे पाच मिनिटं कानडीत काहीबाही सांगत राहतो. भावजींना त्यातलं अक्षर कळत नाही, पण मान अशी डोलावतात की भजनाला बसलेत.

आमची पाळी गेल्या वर्षी आली. माझ्या मुक्ताने कापडावरच्या नक्षीकामाचा कोर्स केला होता आणि एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी तिला आठवडाभर घरून काम करून दाखवायला सांगितलं होतं. सोमवारी सकाळी दहाला काम पाठवतो, पटलं तर नोकरी, आणि स्वतःचं मशीन नसेल तर दुसरी मुलगी तयार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन वर्षं लेक घरात बसून होती. ती नोकरी शब्द उच्चारायची बंद झाली होती, त्याची मला जास्त भीती वाटायची. माझी भिशी नुकतीच लागली होती. तेवढ्यात बसवा, असं मी भावजींना सांगितलं आणि त्यांच्याबरोबर दुकानात गेले.

प्रोसेसरपाशी घोळ झाला. एकाच नावाचे दोन होते, एक थोडा स्वस्त. दुकानदार बिचारा म्हणाला, "काका, स्वस्तातला नेताय, पण त्याला एकट्याला स्क्रीनवर चित्र दाखवता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागंल." भावजींनी मला बाजूला घेतलं. "वहिनी, दुकानदार आनकी एक वस्तू घ्या म्हनला की समजायचं, पयली चांगली हाय. त्येचा आपला धंदा हाय." मागाचे सुटे भाग विकणाऱ्यांनी या माणसाला तीस वर्षं नको त्या वस्तू गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता आणि तीस वर्षं हा पुरून उरला होता. कार्ड घेतलं नाही. वाचलेल्या पैशात आणखी जड पॉवर सप्लाय आला. मीसुद्धा तो हातात धरून पाहिला आणि मला अभिमान वाटला.

रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चादर अंथरून जोडणी झाली. बटण दाबलं, पंखे फिरले, मागे धरलेला धागा झकास फडफडला आणि स्क्रीन काळीच राहिली. भावजींनी सगळं उलगडून पुन्हा जोडलं. पुन्हा काळी. तिसऱ्यांदा मुक्ताच हळू आवाजात म्हणाली, "काका, दुकानदार खरं सांगत होता वाटतं." त्या दिवशी दुकान बंद होतं, दुसऱ्या दिवशी ते उघडायची वेळ आणि कारखान्याची वेळ एकच, आणि भिशी संपलेली. "उद्या दहाला न्हवं?" एवढं विचारून, चहा तसाच टाकून भावजी जिना उतरून गेले. त्यांची पाठ वळल्यावर मी जे बोलले ते लिहायची माझी हिंमत नाही. आमचे हे पेपर वाचायचं सोडून म्हणाले, "अगं, तो ऐकेल." मी म्हटलं, ऐकू दे.

तासाभराने ते टॉवेलात गुंडाळलेलं एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आले. ते बसवलं, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. कुठून आणलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "पडून हुतं की घरी." मुक्ता रात्री उशिरापर्यंत सराव करत बसली आणि त्या आठवड्यात तिने अशी काही फुलं काढली की मालकांनी तिला कारखान्यातच जागा दिली.

ते कार्ड घरी पडून नव्हतं. दोन महिन्यांनी भावजींच्या घरी गेले तेव्हा जाऊबाईंकडून कळलं. भावजींचा स्वतःचा एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर ते रोज सकाळी यंत्रमागाच्या एकेका भागाचं चित्र काढत, धोटा, फणी, पिकर, आणि शेजारी नाव आणि तो बिघडला तर काय करायचं ते लिहीत. नव्या मिस्त्रींना भागांची नावंच येत नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटे. अर्धा माग काढून झाला होता. कार्ड काढलं तशी त्यांची स्क्रीन बंद पडली आणि मागही तिथेच थांबला. "मला म्हनले, कुणाला सांगू नगं," जाऊबाई म्हणाल्या. मला त्या रविवारचे माझे शब्द आठवले आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मुक्ताने पुढच्या पगारात त्यांना नवं कार्ड घ्यायचं ठरवलं. कार्ड निवडायला अर्थात तेच गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. "आत्ता घ्यायचं न्हाय. भाव उतरायलाय." त्यांचंच परत न्या म्हटलं तर म्हणाले, "त्येला आता तुमच्या मशिनीची सवय झाली, वहिनी." मग मीच मार्ग काढला. मुक्ता दिवसभर कारखान्यात असते, तिचं मशीन मोकळंच असतं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला भावजी जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. पूर्वी दोन-दोन पायऱ्या चढायचे, आता मधे दोनदा थांबतात. त्यांचा श्वास खालूनच ऐकू येतो आणि मी चहा टाकते. ते माग काढतात, एखादा भाग झाला की मला बोलावून त्याचं नाव म्हणायला लावतात, मी चुकले की रागावतात. महिन्यातून एकदा नवी पेठेत जाऊन कार्डाचा भाव विचारून येतात आणि अजून थोडं थांबू म्हणतात. मी लगेच मान डोलावते. तो भाव कधीच उतरू नये, असं मला मनापासून वाटतं.